एम.बी.त न मावणारी पंचगंगा

नदी, तलाव, कचऱ्याचा डोंगर, यांतलं काहीही साफ करायची सरकारी जबाबदारी फिरून फिरून ज्याच्या टेबलावर येते, तो आपल्याकडे बहुतेक वेळा सिव्हिल इंजिनिअर असतो. महापालिकेत तो रस्ते-गटारींतून आलेला असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळात परीक्षा देऊन क्षेत्र अधिकारी म्हणून लागलेला असतो, जीवन प्राधिकरणात पाण्याच्या टाक्या बांधत बांधत मैलाशुद्धीकरणापर्यंत पोचलेला असतो. पंचगंगा काळी पडली, मासे तरंगले, की पेपरात फोटो येतो, आंदोलक बंधाऱ्यावर जमतात आणि हातात वही घेऊन शिव्या खात उभा असतो तो हाच. त्याच्या बाजूनं कुणी लिहीत नाही. मलाही त्याची वकिली करायची नाही. पण नदी साफ का होत नाही हे शोधताना आपण ठेकेदार, पुढारी, साखर कारखाने, इचलकरंजीचे प्रोसेस (कापड रंगवणारे कारखाने) अशी सगळीकडे नजर फिरवतो आणि या माणसाची नोकरी कशी घडते, त्याला शाबासकी कशावर मिळते, इकडे ढुंकूनही बघत नाही. नदीच्या दुखण्याचा मोठा भाग त्या नोकरीच्या घडणीत आहे, असं माझं मत आहे. साफसफाई आपण बांधकामाच्या मापानं मोजतो. म्हणून बांधकामाचं शेवटचं बिल निघालं की साफसफाईही संपते.

हा माणूस घडतो कसा ते बघा. कनिष्ठ अभियंता म्हणून लागला की पहिली काही वर्षं तो गल्लीबोळांत काढतो. गटारीचा स्लोप, चेंबरची लेव्हल, खडीकरणाची जाडी, नगरसेवकाचा फोन, ठेकेदाराचं रडगाणं. या सगळ्यात त्याचा खरा देव एकच, तो म्हणजे मापपुस्तक. कचेरीत त्याला कुणी मापपुस्तक म्हणत नाही, सगळे एम.बी. म्हणतात. लांबी, रुंदी, खोली, त्याखाली सही. एम.बी.त आलं ते झालं, एम.बी.त नाही ते झालंच नाही. ही शिस्त वाईट नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब राखायची ती जुनी आणि बऱ्यापैकी पक्की रीत आहे, आणि ज्यानं खोटं एम.बी. भरलं त्याची चौकशी वीस वर्षांनीही उघडते. पण या वहीनं माणसाच्या डोक्याला एक वळण लागतं. काम म्हणजे ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे, पूर्णत्वाचा दाखला आहे आणि मग ठेकेदाराची अनामत परत करायची तारीख आहे, अशी गोष्ट.

मग एक दिवस आदेश निघतो. मैलाशुद्धीकरणाचा, नाहीतर पर्यावरण विभागाचा ‘अतिरिक्त कार्यभार’. अतिरिक्त हा शब्द आदेशात असतोच, कारण मूळचं रस्त्याचं टेबल सुटलेलं नसतं. आता त्याच्या पुढ्यात अशी चीज येते जिला लांबी-रुंदी नाही आणि शेवटही नाही.

एक बारीकसा प्रसंग घेऊ, कारण फरक तिथेच दिसतो. नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे तपासायला काचेच्या झाकणाची बाटली लागते. ती पाण्यात बुडवून, आत हवेचा एकही बुडबुडा राहू न देता भरायची. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडची दोन द्रावणं सोडायची, झाकण लावायचं, उलटीपालटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. प्रयोगशाळेत नेऊन पुढचा नेमका आकडा काढायचाच असतो, पण निम्मा निकाल तिथल्या तिथे, नदीच्या काठावर, डोळ्यांना दिसतो. काँक्रीटचा क्यूब अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मग फोडतात, आणि एकदा पास झाला की तो स्लॅब पास झाला. बाटलीचं तसं नाही. सकाळी तपकिरी आला म्हणून संध्याकाळी येईल याची खात्री नाही. आठ तास पंप बंद राहिला की पांढरा. क्यूबवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो, आणि पचेपर्यंत बहुधा त्याची बदली झालेली असते.

देशभरात हेच चाललंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२१ साली शहरी सांडपाण्याची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१. त्यातली चालू स्थितीतली २६,८६९. आणि प्रत्यक्षात रोज शुद्ध होणारं पाणी २०,२३५. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातल्या दरीवर सगळे बोलतात. त्यावर उपाय म्हणून नवा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), नवं टेंडर, नवं भूमिपूजन. मला दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यातली दरी जास्त बोलकी वाटते. बांधून ठेवलेल्या क्षमतेतली एक तृतीयांशाहून जास्त नुसती पडून आहे. तिथे सिमेंट कमी पडलेलं नाही. टाक्या आहेत, कुंपण आहे, उद्घाटनाची कोनशिलाही आहे. नाही तो रोजचा कारभार. याच मंडळाच्या यादीत २०१८ साली देशात प्रदूषित नदीपट्टे ३५१ होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे घटून ३११ झाले, महाराष्ट्रातले मात्र वाढून ५५. पहिला नंबर आपण सोडलेला नाही.

आता कोल्हापूर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती घेऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. मधल्या साधारण ऐंशी किलोमीटरच्या प्रवासात तिच्यात काय काय जातं याची यादी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, ती परत देत नाही. शहरापुरतं बोलायचं तर दोन नावं पुरेत, जयंती आणि दुधाळी. जयंतीला आज आपण बिनदिक्कत नाला म्हणतो, पण कात्यायनीच्या डोंगराकडून, कळंब्याच्या सांडव्याचं पाणी घेऊन येणारी ती छोटी नदीच आहे. तिचं पाणी नदीत शिरायच्या आधी अडवायचं, पंपानं उचलायचं आणि कसबा बावड्याच्या केंद्रात न्यायचं, अशी रचना आहे. बावड्याच्या केंद्राची क्षमता ७६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. दुधाळीचं केंद्र १७ एमएलडीचं. कागदावर बघितलं तर साडेपाच-सहा लाखांच्या शहराला ही काही लाजिरवाणी तयारी नाही.

तरीही दर वर्षी ठरल्याप्रमाणे एक बातमी येते: जयंती नाला ओसंडला, सांडपाणी थेट नदीत. कारणं बघावीत तर अगदी किरकोळ. वीज गेली. पंप जळाला. जाळीत प्लॅस्टिक, चिंध्या, नारळाच्या करवंट्या अडकून उपसा थांबला. पावसाचं पाणी आलं. वाहिनी फुटली. यातल्या एकाही कारणाला नवा प्रकल्प लागत नाही. लागतो तो राखीव पंप, जनरेटरचं डिझेल, तिन्ही पाळ्यांत जागा असलेला ऑपरेटर, जाळी ओढणारी दोन माणसं आणि रात्री फोन उचलणारा अभियंता. पण या गोष्टींचं भूमिपूजन होत नाही. जाळी किती वेळा ओढली याचं एम.बी. होत नाही. वीजबिल तर महापालिकेच्या लेखी निव्वळ डोकेदुखी. ते जितकं कमी तितका विभागप्रमुख हुशार. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवला तर बिल खाली येतं, टाकीतले जिवाणू हवेवाचून मरतात, पुढचे कित्येक दिवस बाहेर पडणारं पाणी नावालाच शुद्ध असतं, आणि बिल वाचवल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही. उलट झालं तर विचारला जातो. ब्लोअर चोवीस तास चालवून बिल वाढवणाऱ्याला लेखापरीक्षणाचा मुद्दा लागतो.

यापुढचा भाग तर नाटकच. प्रदूषण मंडळ महापालिकेला नोटीस देतं. नोटीस पाठवणारा सिव्हिलचा, घेणारा सिव्हिलचा, कदाचित एकाच कॉलेजचे दोघं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात १९८८ साली ३३-अ हे कलम घातलं गेलं. त्यानं मंडळाला उद्योग बंद करायचे, त्याची वीज आणि पाणी तोडायचे आदेश देता येतात. कारखान्यावर हे हत्यार चालतं. शहरावर कसं चालवणार? मैला उपसणाऱ्या पंपांची वीज तोडली तर उरलेलाही मैला नदीत जाईल. म्हणून मग बँक हमी जप्त, दंड, खुलासा मागवणे. दंड भरायचा तो तुमच्या-माझ्या घरफाळ्यातून. सरकारी खिशातून सरकारी खिशात. ज्या अधिकाऱ्याच्या हलगर्जीनं किंवा ज्याला माणसं न दिल्यानं पंप बंद राहिला, त्यांच्यापैकी कुणाच्याच गोपनीय अहवालात एक ओळ उमटत नाही.

कोल्हापूरच्या बाबतीत एक जास्तीची गुंतागुंत आहे आणि ती आपल्या अभिमानाच्या जागेत आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण जगाला सांगतो, आणि सांगावाच: पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पूर जाऊ द्यायचा; पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. स्वस्त, साधा, शेतकऱ्याला परवडणारा. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी या बंधाऱ्यांची माळच आहे. पण सांडपाणी मिसळलेल्या नदीत हीच रचना उलटते. बरगे बसले की वाहती नदी सहा डबक्यांत वाटली जाते. वाहत्या पाण्याला हवा मिळते, साचलेल्याला मिळत नाही. वर केंदाळ पसरतं, खाली गाळ कुजतो, आणि उन्हाळ्यात एखादा बंधारा उघडला की तो कोंडलेला सगळा माल एकदम खाली जातो. तेरवाडला मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा त्या दिवशी कुणी काय सोडलं एवढ्यावर बोट ठेवून भागत नाही. मागचे कित्येक आठवडे वर काय साचत गेलं हेही बघावं लागतं. हे समजायला पाटबंधाऱ्याचा, महापालिकेचा आणि मंडळाचा माणूस एका टेबलावर बसायला हवा. तिघंही सिव्हिल. तिघंही वेगवेगळ्या खात्यांचे. पाटबंधारेवाल्याचं माप पाणीसाठा, महापालिकेवाल्याचं माप झालेला खर्च, मंडळवाल्याचं माप पाठवलेल्या नोटिसा. नदी कुणाच्याच मापात नाही.

आणि खाली कोण आहे ते विसरून चालणार नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यानंतर ते शहर पंचगंगेकडे पाठ फिरवून पाणी शोधत हिंडतंय. वारणेचं पाणी मागितलं तर वारणाकाठचे दानोळीकर आडवे आले. दूधगंगेचं सुळकूडहून मागितलं तर तिकडचं खोरं उठलं. दोन्हीकडच्या लोकांचं म्हणणं एकच होतं: तुमच्या दारातली नदी आधी साफ करा, मग आमच्याकडे या. आता साफ करायची कुणी? वरून येणारी घाण एकट्या इचलकरंजीची नाही, जाणारी मात्र तिचीही आहे. इचलकरंजीचं सांडपाणी नदीत आणणारा काळा ओढा काही कोल्हापुरातून येत नाही. कोल्हापूर शहरानं २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनच्या पाण्यानं अभ्यंगस्नान केलं. आनंदच आहे, पिढ्यांची मागणी होती. पण शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशावर तहान भागत होती तोवर पंचगंगेशी आपलं पोटाचं नातं होतं, ते या पाइपलाइनीनं पातळ केलं. ज्या नदीचं पाणी आपल्या घशात जात नाही तिच्यासाठी वीजबिल भरायला कुठलंही शहर का तयार होईल?

हे काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं पार्लमेंटचं कामकाज अवघड केलं, तेव्हा जोसेफ बॅझलगेट या सिव्हिल इंजिनिअरला शहराची गटारव्यवस्था बांधायला मोकळीक मिळाली. त्यानं जे बांधलं ते आजही वापरात आहे, आणि स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं नाव आदरानं सांगतात. पण त्या गटारींनी मैला शुद्ध केला नाही, फक्त खाली नेऊन सोडला. १८७८ साली ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट नेमकी त्या सोडण्याच्या जागेजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं मेली, आणि ती ज्या पाण्यात पडली ते पाणी नव्हतंच अशी ओरड झाली. त्यानंतर कुठे गाळ वेगळा काढायची सुरुवात झाली. बांधणं आणि साफ करणं या दोन नोकऱ्या आहेत हे कळायला त्या शहराला वीस वर्षं आणि एवढे मुडदे लागले.

आपल्या देशात हा प्रवास एका माणसानं स्वतःच्या आयुष्यात केला. जी. डी. अग्रवाल रुडकीचे सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची सुरुवात उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्यात, रिहंद धरणाच्या कामावर. पुढे बर्कलेहून पीएच.डी., कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापकी, विभागप्रमुखपद, आणि मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. म्हणजे धरण बांधण्यापासून ते देशभरच्या नद्यांच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची घडी बसवण्यापर्यंत. उतारवयात संन्यास घेऊन ते स्वामी सानंद झाले आणि गंगा वाहती राहावी म्हणून २०१८ साली १११ दिवसांच्या उपोषणानंतर वयाच्या ८६ व्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेवटच्या उपोषणावरच थांबतात. मला त्यांच्या मधल्या वर्षांत जास्त रस आहे. पाण्याचं गणित आणि पाण्याची तपासणी, दोन्ही हाताखालून गेलेला माणूस मंडळाच्या पहिल्या सदस्य-सचिवाच्या खुर्चीत होता, आणि ते योगायोगानं झालं. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत आपण तसा माणूस घडवायची वाट बांधली नाही. एखादा निपजलाच तर त्याला उपोषणाला बसण्यावाचून मार्ग ठेवला नाही. नदीला हुतात्मे पुरवायचं काम सरकारचं नाही. पंप बंद पडला की रात्री दोनला चप्पल घालून निघणारा आणि त्याबद्दल बढती मिळालेला पगारी माणूस पुरवणं हे सरकारचं काम आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मग सिव्हिलवाल्यांना हटवा, पर्यावरणशास्त्र शिकलेले आणा. हे मला पटत नाही. पहिलं म्हणजे अशी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. गोकुळ शिरगावच्या केआयटी या अभियांत्रिकी कॉलेजात पर्यावरण अभियांत्रिकी स्वतंत्र शाखा म्हणून शिकवली गेली, शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. त्यांना जागा मिळायलाच हव्यात. पण सिव्हिलवाला काढून टाकणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून मुंडकं छाटणं. शहरातला कुठला चेंबर कुठे उतरतो, कुठल्या सोसायटीनं पावसाळी गटारीत मैल्याची लाइन जोडली आहे, नकाशात नसलेली जुनी वाहिनी कुठून गेलीय, ठेकेदार कुठे पाइपाखालची वाळू खातो, हे त्यालाच माहीत असतं. रंकाळ्यात सांडपाणी कुठून मिसळतं हे प्रयोगशाळेतली बाटली सांगत नाही; ते लेव्हलचं ज्ञान असलेला आणि गल्ली पायाखाली घातलेला माणूस सांगतो. डिग्रीचा दोष कमी आहे, टेबलाचा जास्त.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. त्याच टेबलावर माणूस पाच-सात वर्षं ठेवला तर तो तिथे मुरणार, ठेकेदाराशी साटंलोटं करणार. खरं आहे, करतातही. म्हणूनच राज्य सरकारी नोकरांसाठी २००५ चा बदल्यांचा कायदा साधारण तीन वर्षांची मुदत धरतो. पण मैलाशुद्धीकरणाचं एक केंद्र मंजुरीपासून नीट चालू होईपर्यंत तीन वर्षांत बसत नाही. ज्यानं टेंडर काढलं तो चाचणीच्या वेळी नसतो, ज्यानं चाचणी घेतली तो देखभालीला नसतो, आणि बिघाड झाला की प्रत्येकाकडे आधीच्याचं नाव तयार असतं. शिवाय मुरण्याचा धोका अंधारात वाढतो. रोजचा आकडा भिंतीवर लावला तर मुरायला जागा कमी उरते.

तिसरा आक्षेप खुद्द अधिकारी करतात, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: नदी आमच्या एकट्याच्या हातात आहे का? वरून गावांचं सांडपाणी, शेतातली खतं, कारखान्यांची मळी, सगळं येतं. त्याचा जाब आम्हाला कसा विचारता? बरोबर. म्हणून जाब फरकाचा विचारावा. शहराच्या वर शिंगणापूरला एक बाटली आणि शहराचं सगळं पाणी मिसळून झाल्यावर खाली दुसरी बाटली. वरच्यात जे आलं ते तुमच्या माथी नाही. दोन्हींतला फरक शहराचा. आंघोळीच्या पाण्याचा निकष सगळ्यांना माहीत आहे, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि प्राणवायू ५ च्या वर. तो एकदम गाठा असं मी म्हणत नाही. फरक दर वर्षी कमी होतोय का, एवढं बघा. हीच पद्धत पुढे रुईला, इचलकरंजीला, तेरवाडला लावता येते. बंधारे आयतेच आहेत, दोन बंधाऱ्यांमधला पट्टा एका अधिकाऱ्याच्या नावावर करायचा. मंडळ नमुने आजही घेतं. फक्त ते अहवालात जातात, अहवाल फाइलीत जातो, आणि कुणाच्या बढतीच्या कागदाला तो टाचला जात नाही.

हे सगळं बोलून कुणी म्हणेल की लोकांना शिस्त नाही तिथे अधिकारी काय करणार. गणपतीकडे बघा. ज्या शहरात गणेश मंडळांचा दरारा आहे, मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, तिथे पंचगंगेत आणि रंकाळ्यात मूर्ती न सोडता इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणीकडे, न्यायच्या हे कुणी म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आज बहुतेक सार्वजनिक मूर्ती इराणी खणीत जातात. त्यासाठी शेकडो कोटींचा प्रकल्प लागला नाही. कार्यकर्ते, पोलीस, महापालिका यांनी वर्षानुवर्षं तोच धोशा लावला, खणीवर क्रेन आणि दिवे दिले, घाटावर अडवणारी माणसं उभी केली आणि पुढच्या वर्षी परत उभी केली. त्या माणसांत सिव्हिलचे अभियंतेही होते, गळ्यात आयकार्ड, रात्रभर उभे. ही कामगिरीही कुठल्या एम.बी.त नाही. पण नदी साफ ठेवणं हे याच जातीचं काम आहे, परत परत करायचं.

तेव्हा मागणी काय करावी? नव्या केंद्राची मागणी करायला हरकत नाही, हद्दीबाहेरच्या वसाहती वाढतायत, ती लागतीलच. पण त्याआधी महापालिकेच्या अंदाजपत्रकात बघण्यासारख्या दोन-तीन जागा आहेत. जयंती आणि दुधाळीच्या उपशासाठी वीज, डिझेल आणि सुटे भाग यांचा वेगळा, दुसरीकडे वळवता न येणारा निधी आहे का. तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर आणि फिटर कायम आहेत, की दर वर्षी बदलणाऱ्या ठेक्यावर. आणि ज्याच्याकडे हा विभाग आहे त्याच्याकडे दुसरं टेबल आहे का. शेवटच्या गोष्टीला तर मंत्रालयाची परवानगीही लागत नाही. आयुक्तांच्या सहीचा एक कागद पुरतो. महापालिका सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपल्यावर इथे कितीतरी काळ प्रशासकच होता. विरोध करायला नगरसेवक नव्हते, श्रेय घ्यायला नव्हते. तेवढ्या मोकळ्या काळातही ‘अतिरिक्त’ हा शब्द त्या आदेशातून गेला नाही, हे मला खटकतं.

राज्य सरकारच्या हातातली गोष्ट मोठी आहे: महापालिका, जीवन प्राधिकरण आणि मंडळ यांच्यात ये-जा करता येईल असा स्वच्छता अभियंत्यांचा एक संवर्ग. रस्त्यावर पाच वर्षं काढलेला अभियंता त्यात यावा, मंडळाच्या प्रयोगशाळेत वर्षभर बसावा, स्वतःच्या हातानं बाटली भरावी, मग केंद्र चालवावं, मग दुसऱ्या शहराचं केंद्र तपासावं, आणि अधीक्षक अभियंता व्हायची त्याची वाट पूल-रस्तेवाल्याइतकीच रुंद असावी. आज या टेबलावर जाणं म्हणजे बाजूला पडणं असं अभियंत्यांत समजलं जातं. चांगली पोरं ते टाळतात, यात त्यांची काय चूक?

बदल्यांचा मुद्दा राहिला. त्या एप्रिल-मे मध्ये होतात. मुलांच्या शाळांच्या दृष्टीनं ते ठीक आहे. पंचगंगेच्या दृष्टीनं तेच दोन महिने सगळ्यात वाईट: पाणी तळाला, बरगे बसलेले, ऊन कडक, मासे मरायचा मोसम. नेमकं तेव्हा केंद्राची माहिती असलेला माणूस निरोपाच्या नारळासह निघून जातो आणि नवा माणूस चाव्या कुठे आहेत ते विचारत असतो. या एका टेबलापुरती बदली सप्टेंबरात करावी, पूर ओसरल्यावर, जुन्या-नव्या दोघांनी महिनाभर एकत्र काम करण्याच्या अटीवर. म्हणजे बरगे बसायच्या आत नव्या माणसाला प्रत्येक पंपाचा आवाज ओळखीचा झालेला असेल.